संगणकातील दप्तराची स्वतंत्र खोली



पंचायतीचे दाखले, शाळेची निकालपत्रके, सहकारी सोसायटीचे हिशेब आज संगणकात राहतात. हे दप्तर सुरक्षित कसे ठेवावे, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

संगणकाच्या डिस्कवर दोन निराळ्या गोष्टी नांदतात. एक, संगणक चालविणारी कार्यप्रणाली, म्हणजे विंडोज किंवा लिनक्स. दुसरी, आपण स्वतः साठविलेली माहिती. कार्यप्रणाली बिघडली तर पुन्हा घालता येते. गेलेले निकालपत्रक बाजारात मिळत नाही. म्हणून डिस्कचे दोन भाग पाडून दोहोंना वेगळे ठेवणे हिताचे. ही सोय नवी नाही. १९८३ मध्ये आयबीएमच्या पीसी एक्सटी संगणकाची डिस्क अवघी १० मेगाबाइटची होती; तरी त्यासोबतच्या डॉस २.० मध्ये असे भाग पाडता येत होते.

विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. त्यामुळे कार्यप्रणाली बदलण्याचा प्रसंग अनेकांवर येतो, आणि दप्तर नष्ट होण्याचा धोका याच वेळी अधिक असतो.

प्रथम सर्व माहितीची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. मग विंडोजमधील ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडून ‘सी’ भाग आक्रसून घ्यावा व मोकळ्या जागेत ‘डी’ भाग निर्माण करावा. विंडोज ११ ला किमान ६४ गिगाबाइटची डिस्क लागते. पुढील वाढ लक्षात घेता ५०० गिगाबाइटच्या डिस्कवर ‘सी’साठी १५० ठेवणे योग्य.

येथे एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. ‘डेस्कटॉप’ व ‘डॉक्युमेंट्स’ हे कप्पे मुळात ‘सी’वरच असतात. ‘डी’ भाग रिकामा राहिला आणि कागद डेस्कटॉपवरच साठले, तर ‘सी’ पुसताना तेही पुसले जातात. म्हणून हे कप्पे त्यांच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘लोकेशन’ बदलून ‘डी’वर न्यावेत. नवी कार्यप्रणाली घालताना केवळ ‘सी’ पुसावा, असे तंत्रज्ञास स्पष्ट सांगावे.

मात्र भिंत घातली म्हणून घर दोन होत नाहीत. डिस्कच निकामी झाली तर दोन्ही भाग एकदम जातात. यास्तव दप्तराची एक प्रत नेहमी दुसऱ्या डिस्कवर, शक्यतो दुसऱ्या इमारतीत ठेवावी, अशी आपणा सर्वांस विनंती करून मी माझे भाषण संपवितो.