दंतरोपणासाठी जंतुरोधक मिश्रधातू : अपेक्षा आणि वास्तव

(कोऱ्हाळे बुद्रुक येथे देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे नातेवाईक यांच्यासमोर दंतविभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



दंतविभागाच्या वतीने आज आम्ही एकाच प्रश्नाचा विचार आपणांपुढे मांडणार आहोत. कवळीला कंटाळलेल्या वृद्धांची मुले-सुना आम्हांस विचारतात, "डॉक्टर, जंतू लागत नाहीत असा नवा धातू निघालाय म्हणे; आमच्या आईला तोच बसवा ना." काही देणगीदारांनीही अशा इम्प्लांटसाठी स्वतंत्र निधी देण्याची इच्छा व्यक्त केली आहे. या इच्छेमागील सद्भावना मोलाची आहे. म्हणूनच तिला प्रामाणिक उत्तर देणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसविलेले धातूचे कृत्रिम दंतमूळ. ते बहुधा टायटॅनियमचे असते. १९५२ च्या सुमारास स्वीडनमधील संशोधक पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे सशाच्या पायाच्या हाडातील रक्तप्रवाहाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी हाडात बसविलेले टायटॅनियमचे उपकरण पुढे काढता येईना, कारण हाड त्याला घट्ट जोडले गेले होते. या निरीक्षणातूनच दंतरोपणाचे शास्त्र उभे राहिले. १९६५ मध्ये त्यांनी यॉस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमची दंतमुळे बसविली. लार्सन यांचे २००६ मध्ये निधन झाले, तोवर चाळीस वर्षांहून अधिक काळ ती त्यांच्या उपयोगी पडली.

टायटॅनियमच्या या गुणाचे रहस्य त्याच्या पृष्ठभागावर आहे. हवेचा स्पर्श होताच त्यावर ऑक्साइडचा थर तयार होतो. हा थर मिलिमीटरच्या एक लाखांशाइतका किंवा त्याहूनही पातळ असतो. त्यामुळे धातू गंजत नाही आणि शरीरही त्याला नाकारीत नाही. परंतु शरीराच्या पेशींना जो पृष्ठभाग मानवतो, तो जंतूंनाही मानवतो. टायटॅनियम स्वतः जंतू मारीत नाही.

येथे नैसर्गिक दात आणि कृत्रिम दंतमूळ यांतील एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. नैसर्गिक दाताच्या मुळात हिरडीचे तंतू आडवे रुतलेले असतात. ते जणू कुंपणाचे काम करतात. इम्प्लांटभोवती मात्र हे तंतू धातूला समांतर राहतात, त्यात रुतत नाहीत. त्यामुळे जंतूंचा चिकट थर एकदा हिरडीखाली उतरला की त्याला अडविणारे कुंपण कच्चे असते. प्रथम हिरडी सुजते, ब्रश करताना रक्त येते; पुढे भोवतालचे हाड झिजू लागते आणि अखेर पक्के बसलेले दंतमूळ हलू लागते. बहुतेक वेळा हे सारे वेदनेशिवाय घडते, हीच त्यातील भीती आहे.

या संकटावर धातूतूनच उपाय शोधावा, असे शास्त्रज्ञांना वाटले यात नवल नाही. तांब्याचा जंतुनाशक गुण आपल्या घरांना अपरिचित नाही. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीने पिढ्यान्‌पिढ्या हंडे-घागरी घडविल्या आणि त्यांत रात्रभर ठेवलेले पाणी आपले आजी-आजोबा सकाळी पीत. बंगळूर येथील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तांब्याच्या भांड्यात सोळा तास ठेवलेल्या पाण्यातील अतिसाराचे जंतू नष्ट झाल्याचे आढळले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००८ मध्ये तांब्याच्या अनेक मिश्रधातूंची जंतुनाशक पृष्ठभाग म्हणून नोंद केली. कुटुंबनियोजनासाठी बसविली जाणारी तांबीही शरीरात अत्यल्प तांबे सोडूनच आपले कार्य करते.

याच तत्त्वावर टायटॅनियममध्ये तांबे अथवा चांदी मिसळून नवे मिश्रधातू तयार केले जात आहेत. तांब्याचे सूक्ष्म आयन जंतूंच्या आवरणाला इजा करतात आणि त्यांच्या आतील प्रथिनांचे कार्य बिघडवितात. हा मारा एकाच वेळी अनेक ठिकाणी होत असल्याने प्रतिजैविकांच्या मानाने त्याला दाद न देणे जंतूंना अधिक कठीण जाते. प्रयोगशाळेतील परीक्षणांत वजनाने सुमारे पाच टक्के तांबे असलेल्या टायटॅनियमने जंतूंची वाढ लक्षणीय रोखली आहे. शिवाय वरून दिलेला लेप हाडात आटे फिरविताना खरवडला जाण्याची शक्यता असते. मिश्रधातूत मात्र तांबे संपूर्ण धातूत भिनलेले असते. ही प्रगती खरी आहे आणि आम्ही तिचे स्वागत करतो.

तथापि तीन अडचणी अद्याप उभ्या आहेत. पहिली मात्रेची. जे आयन जंतूला मारतात, तेच प्रमाणाबाहेर गेल्यास हाड घडविणाऱ्या पेशींनाही अपाय करतात. दुसरी काळाची. इम्प्लांटभोवतीचा आजार बहुधा काही वर्षांनी डोके वर काढतो. तोवर धातूतून पुरेसे आयन सुटत राहतील काय, याचे उत्तर काही आठवड्यांच्या प्रयोगातून मिळत नाही. तिसरी अडचण तोंडाची. प्रयोगशाळेच्या काचपात्रात जंतू थेट धातूवर पडतो. तोंडात धातूवर आधी लाळेचा पापुद्रा बसतो, मग जंतूंचा एक थर, त्यावर दुसरा. धातूला टेकलेला जंतू मेला तरी वरचे थर जगू शकतात. दातात चांदी भरून घेतलेल्या कित्येकांना तिच्या कडेने पुन्हा कीड लागल्याचा अनुभव आहे. नुसत्या धातूच्या भरवशावर तोंड स्वच्छ राहत नाही, हे त्यावरूनही कळावे.

या मिश्रधातूंचे बहुतांश पुरावे आजही प्रयोगशाळेतील व प्राण्यांवरील आहेत. मानवी जबड्यात त्यांनी दीर्घकाळ रोग टाळला, असे खात्रीने म्हणण्याची वेळ अजून आलेली नाही.

आता आपल्या परिसराकडे पाहू. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने येथे ऊस आला आणि त्याबरोबर सुबत्ताही आली. उसाचे बिल हाती आले की आई-वडिलांच्या दातांसाठी खर्च करणारी मुले आज दिसतात, ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्याच घरांत मधुमेह आहे आणि मिश्री आहे. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. मात्र भाजलेल्या तंबाखूची मिश्री कित्येक माउल्या आजही दात घासण्याचे साधन समजतात. अनियंत्रित मधुमेह, तंबाखू आणि पूर्वीचा हिरड्यांचा आजार ही इम्प्लांट गमावण्याची जाणती कारणे आहेत. धातूला कीड लागत नाही, हे खरे. परंतु त्यावरून त्याला ब्रशही लागत नाही असा समज करून घेतला, तर भोवतालची हिरडी आणि हाड त्याची किंमत मोजतात.

म्हणून विश्वस्त मंडळास आमची नम्र विनंती अशी की, जंतुरोधक म्हणवल्या जाणाऱ्या महागड्या इम्प्लांटसाठी तूर्त स्वतंत्र निधी उभारू नये. तो पैसा दंतरोपणापूर्वीच्या हिरड्यांच्या उपचारांसाठी, मधुमेहाच्या तपासणीसाठी आणि इम्प्लांट बसविल्यानंतर नियमित सफाई व क्ष-किरण तपासणीसाठी राखून ठेवावा. यातून दगडी फलकावर कोरण्याजोगी वास्तू उभी राहणार नाही, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु एका वृद्धेला भाकरी चावून खाता येईल आणि पुढेही खाता येत राहील, हेच या दानाचे फळ असेल.

नातेवाईकांस दोन शब्द. नव्या धातूची शिफारस कोणी केल्यास, हा धातू माणसांत किती वर्षे तपासला गेला आहे, हे अवश्य विचारा. बसविलेल्या इम्प्लांटचे नाव व क्रमांक लेखी मागून घ्या आणि तो कागद जपून ठेवा. दंतमुळाभोवती बारीक ब्रश रोज फिरवायचा आहे. आईच्या हातात ती ताकद नसेल, तर ते काम घरातील कोणीतरी आपलेसे करावे. रक्त दिसले तर दुखण्याची वाट न पाहता दाखवायला आणावे.

उद्या एखादा मिश्रधातू मानवी परीक्षणात दीर्घकाळ टिकला, तर त्याची मागणी घेऊन आम्हीच आपल्यापुढे येऊ. तोवर आपल्या दानाचा प्रत्येक रुपया सिद्ध झालेल्या उपचारावर खर्च व्हावा, एवढीच आमची प्रार्थना आहे.