दीर्घ आजाराचा जमाखर्च



मी वैद्य नव्हे आणि अर्थशास्त्राचा प्राध्यापकही नव्हे. बत्तीस वर्षे मी बँकेत खतावण्या लिहिल्या आणि गेली अठरा वर्षे मी मधुमेहाचा रोगी आहे. या दोनच पात्रतांवर व्याख्यानमालेच्या चालकांनी मला येथे उभे केले आहे. रोगाविषयी अधिकाराने बोलणारे पुष्कळ आहेत. परंतु रोगाला लागणाऱ्या पैशाविषयी बोलताना आपली जीभ अडखळते. घरी आलेला पाहुणा "साखर किती आहे?" असे सहज विचारतो. "औषधाला महिन्याला किती लागतात?" असे मात्र तो विचारीत नाही आणि आपणही सांगत नाही. आज मी तो प्रश्न चारचौघांत विचारणार आहे.

हा खासगी प्रश्न आहे असे कोणी समजू नये. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार आपल्या देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लक्ष रोगी आहेत. रक्तदाब, दमा, संधिवात, मूत्रपिंडाचे विकार असलेले लोक यांत धरलेले नाहीत. तेव्हा या मांडवात बसलेल्यांपैकी पुष्कळांच्या खिशात या क्षणी गोळ्यांची पाकिटे असतील, याविषयी मला शंका नाही.

आजाराचे खर्चाच्या दृष्टीने दोन प्रकार पडतात. एक आजार पुरासारखा येतो. अपघात होतो, शस्त्रक्रिया करावी लागते. अशा वेळी भाऊबंद धावतात, शेजारी डबा पोचवतात, पतपेढी कर्ज देते, प्रसंगी बायकोच्या बांगड्या गहाण पडतात. पण चार महिन्यांत पूर ओसरतो. दुसरा आजार घरातच राहायला येतो आणि रोज थोडे थोडे मागतो. त्याच्यासाठी कोणी धावत येत नाही. रोज मरे त्याला कोण रडे, ही आपल्याकडची जुनी म्हण आहेच. थेंबे थेंबे तळे साचते हे आपण मुलांना शिकवतो. थेंबाथेंबाने ते आटतेही, हे शिकवायचे राहून जाते.

आपण थोडा हिशेब करू. औषध, तपासणी, सुया, येणेजाणे असे सारे मिळून दिवसाला शंभर रुपये धरू. हा आकडा केवळ सोयीचा आहे. कोणाचा अधिक असेल, कोणाचा उणा. वर्षाचे झाले ३६,५०० रुपये. भाव एका पैशाने वाढला नाही असे मानले, तरी वीस वर्षांचे होतात ७,३०,००० रुपये. एवढी रक्कम एकदम मागितली असती तर आपण हबकलो असतो. रोज शंभर म्हणून ती आपल्या लक्षातही येत नाही. शिवाय महिन्याचे हे तीन हजार रुपये साठ हजार पगाराचा विसावा हिस्सा आहेत, तर पंधरा हजार निवृत्तिवेतनाचा पाचवा. रोग तोच, गोळी तीच. पण एकाला तो खर्च वाटतो आणि दुसऱ्याला ओझे.

बरे, औषधाच्या दुकानातल्या पावतीवर सारा खर्च येतो असेही नाही. इन्सुलिनची साधी कुपी दहा मिलिलिटरची असते आणि तिच्यात ४०० युनिट असतात. दिवसाला चाळीस युनिट घेणाऱ्याला ती दहा दिवस पुरते, म्हणजे महिन्याला तीन कुप्या झाल्या. हा खर्च पावतीवर दिसतो. परंतु त्या कुप्यांसाठी शीतकपाट लागते, रक्त तपासण्याच्या पट्ट्या लागतात, पायाला न चावणारी पादत्राणे लागतात. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा आणि मूत्रपिंडे तपासून घ्यावी लागतात. मूत्रपिंडे निकामी झालेल्याचे हाल तर याहून मोठे. त्याला आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा डायलिसिस करावे लागते आणि एकेका खेपेला सुमारे चार तास जातात. तीन खेपा धरल्या तर वर्षाच्या १५६ झाल्या. २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे गरिबांना ही सोय विनामूल्य मिळू लागली, ही चांगलीच गोष्ट आहे. पण गावाहून जिल्ह्याच्या ठिकाणी येण्याचे १५६ वेळचे भाडे आणि सोबत येणाऱ्या मुलाची १५६ दिवसांची बुडालेली मजुरी कोणत्या खात्यात लिहायची?

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या स्वतःच्या खिशातून जाणारा भाग २०१३-१४ साली शेकडा ६४.२ होता, २०२१-२२ साली तो शेकडा ३९.४ वर आला. आपल्या राज्यात २०१२ साली जीवनदायी योजना सुरू झाली आणि २०१७ पासून ती महात्मा फुल्यांच्या नावाने चालू आहे. २०१८ साली आयुष्मान भारत आली. या योजनांनी अनेक कुटुंबांना कर्जापासून वाचवले आहे. परंतु त्यांचा मुख्य भर रुग्णालयातील उपचारांवर आहे. बहुतेक विमापत्रांचेही तसेच. रोगी खाटेवर पडला की पैसे मिळतात. तो खाटेवर पडू नये म्हणून रोज जी गोळी घेतो तिचे पैसे बहुधा त्याचे त्यालाच द्यावे लागतात. पाय कापण्याचा खर्च मिळावा आणि पाय वाचवण्याचा मिळू नये, असा हा उलटा व्यवहार आहे.

आता एक घरची गोष्ट सांगतो. सांगताना संकोच वाटतो, पण तिच्याचसाठी मी आज आलो आहे.

बँकेतली सवय म्हणून मी घरखर्चाची वही ठेवतो. औषधांचे दोन रकाने आहेत, एक माझा आणि एक सौभाग्यवतींचा. त्यांना रक्तदाबाचा विकार आहे. एका मार्च महिन्यात वर्षाची बेरीज करताना दिसले की माझा रकाना वाढला आहे आणि त्यांचा निम्म्यावर आला आहे. खरे सांगतो, मला क्षणभर बरे वाटले. खर्च कमी झाला ना! मग मनात पाल चुकचुकली. मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "मी एक दिवसाआड घेते. मला काही होत नाही. तुमच्या इन्सुलिनला खाडा नको." वर्षभर हे चालले होते. मी शेजारी बसून जेवत होतो आणि मला पत्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि ते काही वेळ बोललेच नाहीत. वेळेवर आलात, एवढेच नंतर म्हणाले.

त्या दिवशी मला जमाखर्चाचा एक नियम उमगला. न घेतलेली गोळी ही बचत नव्हे, ते कर्ज आहे. सावकार डोळ्यांना दिसत नाही म्हणून ते नाकारता येत नाही. डोळा, मूत्रपिंड, हृदय, पाय यांपैकी काहीतरी तारण ठेवून आपण ते काढतो. आणि बहुतेक घरांत हे कर्ज घरातली बाईच काढते, कोणाला न सांगता.

म्हणून माझ्या चार विनंत्या आहेत. पहिली, औषधाचा खर्च घरभाड्यासारखा ठरीव मानावा आणि सर्वांसमक्ष वहीत लिहावा. उरले तर औषध, असे करू नये. दुसरी, डॉक्टरांजवळ पैशाची गोष्ट काढायला लाजू नये. "हे मला झेपत नाही, याच गुणाचे स्वस्त औषध आहे का?" असे स्पष्ट विचारावे. २००८ साली सुरू झालेल्या योजनेतील जनऔषधी केंद्रांत कित्येक औषधे पुष्कळ कमी किमतीत मिळतात. मात्र स्वतःच्या मनाने बदल करू नये. इन्सुलिनमध्ये तर ४० युनिटांची सुई वेगळी आणि १०० युनिटांची वेगळी. गफलत झाली तर जिवावर बेतते. तिसरी, विमा उतरवताना आजार लपवू नये. जुन्या आजारासाठी थांबण्याची कमाल मुदत २०२४ साली चार वर्षांवरून तीन वर्षांवर आली आहे. पण लपवलेल्या आजाराने सगळे विमापत्रच धोक्यात येते. चौथी विनंती आपणा सर्वांना मिळून आहे. आपल्या गावात गणेशमंडळे आहेत, पतपेढ्या आहेत, देवस्थाने आहेत. शस्त्रक्रियेसाठी वर्गणी गोळा होते. रोजच्या गोळीसाठी एखादा कायमचा निधी का असू नये? आणि सरकारी दवाखान्यात या गोळ्या खंड न पडता मिळाव्यात, अशी मागणी आपण मतदार म्हणून का करू नये?

इन्सुलिनचा शोध १९२१ साली टोरांटो येथे लागला. १९२३ साली बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप या संशोधकांनी त्याचे एकस्व आपल्या विद्यापीठाला प्रत्येकी केवळ एक डॉलर घेऊन देऊन टाकले. हे औषध कोणाच्या मक्तेदारीत जाऊ नये, ही त्यामागची भावना होती. त्याला शंभर वर्षे उलटून गेली. तरीही औषधाला पैसे पुरवायचे म्हणून कोणीतरी आपली गोळी एक दिवसाआड घेत असेल, तर त्या माणसांचे देणे आपण अजून फेडलेले नाही.

आता आपण घरोघर जाल. जेवणे झाली की एवढेच करा. वही उघडा आणि घरातल्या प्रत्येकाला विचारा, "औषधाला महिन्याला किती लागतात?" आणि मग हळूच, "सगळ्या गोळ्या रोज घेतेस ना?" उत्तर ऐकण्याआधी तिच्या चेहऱ्याकडे पाहा. मी वर्षभर पाहिले नव्हते.