विश्वनागरिकत्वाचा पहिला धडा

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त सोलापूर येथे झालेल्या शिक्षक-पालक मेळाव्यातील भाषण)



'शाळा आणि जागतिक नागरिकत्व' या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा विश्वस्तांनी मला केली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मी शिक्षणतज्ज्ञ नव्हे. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि चाटी गल्लीतील एक कापड व्यापारी एवढीच माझी ओळख. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा न ठेवता, व्यवहारात जे दिसले आणि त्यावर जे सुचले ते ऐकून घ्यावे, ही नम्र विनंती.

संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ साली, २०३० पर्यंत गाठावयाची जी उद्दिष्टे जाहीर केली, त्यांतील शिक्षणाच्या उद्दिष्टात जागतिक नागरिकत्वाचा स्पष्ट उल्लेख आहे. आपल्या देशाच्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तो आला आहे. शब्द मोठा आहे, आणि मोठ्या शब्दाभोवती गैरसमज लवकर गोळा होतात. शाळेच्या फलकावर 'इंटरनॅशनल' लिहिले, स्नेहसंमेलनात मुलांना देशोदेशीचे पोशाख चढविले आणि मूल इंग्रजी अस्खलित बोलू लागले, की विश्वनागरिक तयार झाला, अशी समजूत वाढीस लागली आहे. पोशाख मी आयुष्यभर विकला आहे. तो अंगावर चढतो आणि उतरतोही; त्याने मन बदलत नाही, हे मी खात्रीने सांगू शकतो.

मग विश्वनागरिक कोणास म्हणावे? उत्तरासाठी दूर जावयास नको. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० साली याच सोलापुरात झाला. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीसाठी १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले, त्यात ते होते. त्यांनी केवळ जखमा बांधल्या नाहीत. ते चिनी भाषा बोलावयास व वाचावयास शिकले आणि तेथील विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेत वैद्यक शिकविले. १९४१ मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची सूत्रे त्यांच्याकडे आली आणि पुढच्याच वर्षी, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी त्यांनी तेथेच देह ठेवला. शिजियाझुआंग येथील हुतात्मा उद्यानात त्यांची समाधी आहे. सेवा तर दुभाष्यामार्फतही करता आली असती. परंतु रुग्णाचे दुःख त्याच्याच भाषेत ऐकून घ्यावे, असे त्यांना वाटले. विश्वनागरिकत्वाचे मर्म मला येथे दिसते. दुसऱ्याने आपली भाषा शिकावी अशी वाट न पाहता, आपण त्याची शिकावयास निघणे, हा त्याचा पहिला धडा होय.

हा धडा घेण्यास सोलापूरइतके सोयीचे गाव विरळा. येथे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चार भाषा एकाच रस्त्यावर कानी पडतात. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी या शहराच्या चादरीला नाव मिळवून दिले. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी गेलेले आपले चार हुतात्मे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे. ही नावे वाचली तरी हे शहर कसे घडले ते कळते.

परंतु आज आपली मुले कशी वाढत आहेत? मराठी शाळेतील मूल तेलुगू शाळेच्या फाटकावरून रोज जाते, आत कधी जात नाही. उर्दू शाळेतील मुलाशी त्याची गाठ पडते ती क्रिकेटच्या मैदानावर, तीही प्रतिपक्ष म्हणून. आम्हा व्यापाऱ्यांना गरजेने चार भाषांतले आकडे आले. पण ती ओळख भाव, उधारी आणि वायदा यांपलीकडे गेली नाही. ज्यांच्याशी आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार, त्यांच्या घरी बतुकम्माची फुले का रचतात, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ का निघतो, हे आमच्यापैकी किती जणांना सांगता येईल? बाजाराने जे अर्धवट शिकविले, ते शाळेने पूर्ण करावयास हवे.

येथे पालकांच्या मनातील एक शंका मी उघडपणे मांडतो. मुले सर्वांत मिसळली तर आपला आचार, आपले खाणेपिणे राहील काय? शंका रास्त आहे. ती हसण्यावारी नेऊ नये. पण आपली मुले पुण्या-बंगळुरूस, अमेरिकेस जाणारच आहेत. सूर्यास्तापूर्वी आपण का जेवतो, कंदमुळे का वर्ज्य करतो, हे ज्या मुलाला शांतपणे सांगता येत नाही, ते दुसऱ्याच्या पंक्तीत बुजते, नाही तर गुपचूप आपला नेम सोडून देते. ज्याला दहा वर्षांचे असताना वर्गमित्राने हा प्रश्न विचारला आणि ज्याने त्याचे उत्तर शोधले, ते मूल कोठेही गेले तरी स्थिर राहील. १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत वीरचंद राघवजी गांधी गेले ते आपली काठियावाडी पगडी घालूनच. जगात मिसळण्यासाठी स्वत्व टाकावे लागत नाही; ते नीट समजून घ्यावे मात्र लागते. आणि आपल्याला जसे आपले नेम समजावून सांगावयाचे आहेत, तसेच दुसऱ्याचेही ऐकून घ्यावयाचे आहेत. अनेकान्ताचा व्यवहारातील अर्थ मला तरी एवढाच कळतो.

आता करावयाचे काय? निरनिराळ्या देशांतील शाळांना परस्परांशी जोडण्याचे कार्य युनेस्कोने १९५३ पासून चालविले आहे. आपण आरंभ गावातूनच करावा. माझ्या अल्पमतीप्रमाणे तीन गोष्टी सुचवितो.

पहिली, आपल्या शाळेने एक तेलुगू, एक कन्नड आणि एक उर्दू शाळा मैत्रशाळा म्हणून निवडावी. महिन्यातून अर्धा दिवस मुलांनी एकत्र काम करावे. केवळ नाचगाणी नकोत; परिसरातील पाणी, कचरा, रहदारी यांची पाहणी मिश्र गटांनी करावी. एकत्र काम केल्याने जी ओळख होते ती टिकते.

दुसरी, पाचवी ते सातवीच्या मुलांना या तीन लिप्यांत निदान स्वतःचे व मित्राचे नाव लिहिता यावे. तेलुगू आणि कन्नड लिप्या बहिणी-बहिणी आहेत. एक आली की दुसरी फार दूर राहत नाही.

तिसरी, सोलापुरी टॉवेल अनेक देशांत जातो. मुलांनी त्याचा प्रवास कापसापासून परक्या बंदरापर्यंत वहीत मांडावा. कोणाच्या हातांनी तो विणला, कोणाला किती मजुरी मिळाली, तिकडे तो काय भावाने विकला गेला, हे त्यांनी विचारावे. त्यात भूगोल आहे, गणित आहे आणि न्यायबुद्धीही आहे. त्यानंतर परदेशातील एखाद्या शाळेशी पत्रव्यवहार सुरू करावा. तेव्हा आपल्या मुलांजवळ लिहिण्यासारखे काही असेल.

यास मोठी इमारत लागत नाही, परकीय अभ्यासक्रम लागत नाही. लागते ती शिक्षकांची इच्छा आणि पालकांची संमती. येत्या जूनपासून विश्वस्तांनी हा उपक्रम हाती घ्यावा, अशी विनंती करतो. पहिल्या वर्षीचा मुलांच्या जाण्या-येण्याचा खर्च माझ्या नावे लिहावा.