होडीला इंजिन कोणते घ्यावे?

मंडळी, आज आपण होडीच्या इंजिनाविषयी बोलू. होडीच्या मागल्या फळीवर टांगतात ते इंजिन. त्याला आऊटबोर्ड म्हणतात. अमुकच कंपनीचे घ्या, असे आम्ही सांगणार नाही. पण दागिना मोडून, नाहीतर कर्ज काढून घ्यायची वस्तू ती! नीट पारखून घ्यायला नको का?

पहिली गोष्ट ताकदीची. ती अश्वशक्तीत, म्हणजे हॉर्सपॉवरमध्ये मोजतात. पुष्कळांना वाटते, अश्वशक्ती दुप्पट की वेग दुप्पट. तसे होत नाही. जाळे, बर्फ आणि माणसे भरलेली होडी जड असते. २० फुटांची अशी होडी ताशी ११ किलोमीटरच्या आसपास पोचली, की पुढे तिचीच लाट उभी राहते आणि मागची बाजू खाली बसते. मग कितीही जोर लावा. पेट्रोल जळते, वेग फारसा वाढत नाही. ओहोटी आणि उलटा वारा यांच्यासाठी थोडी ताकद हाताशी हवीच. पण फार जड इंजिन टांगले, तर मागून लाट आत येते. म्हणून फळीला किती वजन सोसेल, ते होडी बांधणाऱ्याला आधी विचारा.

दुसरी गोष्ट दांड्याच्या लांबीची. दांडे बहुधा १५ इंची किंवा २० इंची असतात. घरून निघतानाच फळीची उंची मोजा. फळी १५ इंच, तर दांडा १५ इंची. दांडा आखूड पडला, तर पंखा हवा खातो आणि इंजिन नुसतंच गरगरतं. लांब झाला, तर उथळ खाडीत तळाला घासतो.

तिसरी गोष्ट इंजिनाच्या जातीची. टू-स्ट्रोक हलके आणि बांधणीला साधे. पण पेट्रोल जास्त खाते. साध्या टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलातच तेल मिसळावे लागते. पुस्तिकेत ५०:१ लिहिले असेल, तर ५ लिटर पेट्रोलाला १०० मिलिलिटर तेल. तेल कमी पडले, की इंजिन आतून जळालेच म्हणा! फोर-स्ट्रोकला पेट्रोल कमी लागते, तेल वेगळे घालतात. पण ते वजनाला आणि किमतीला भारी.

चौथी गोष्ट दुरुस्तीची. ज्याचे सुटे भाग आणि मिस्त्री जवळच्या बंदरात मिळतात, तेच इंजिन आपले. दर्यात दुकान नाही! घरी आल्यावर गोड्या पाण्याने इंजिन आतून धुवा, नाहीतर खार त्याला खातो. चालवणाऱ्याच्या अंगाला बांधायची दोरी असते, ती बांधा. माणूस पाण्यात पडला, तर दोरी निसटते आणि इंजिन बंद होते. आणि इंजिन नवे असले, तरी वल्ही घरी ठेवू नका.

मंडळी, इंजिनावरच्या पट्टीवर आकडे असतात. पावतीवर किंमत, हमीची मुदत असते. कर्जाच्या कागदावर व्याज असते. आता तुम्हाला अक्षर ओळखता येते. दुकानदार घाई करील, करू द्या. आधी वाचा, अडेल ते विचारा, आणि मगच सही करा.