आजचा शब्द : बहिष्कृत


आजचा शब्द आहे, बहिष्कृत.

बहिष्कृत म्हणजे बाहेर टाकलेला.
बोलताना आपण म्हणतो, वाळीत टाकलेला.

वाळीत टाकलेल्या घराशी गावकी किंवा जातपंचायत व्यवहार तोडते.
त्यांच्या लग्नाला कुणी जात नाही.
मयतीला खांदा द्यायलाही कुणी येत नाही.

श्रोतेहो, नीट ऐका.
माणूस आपोआप बहिष्कृत होत नाही.
त्याला कुणीतरी बाहेर टाकलेलं असतं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच शब्द हाती घेतला.
१९२४ साली त्यांनी मुंबईत ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ स्थापन केली.
१९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू केलं.
ज्यांना बाहेर टाकलं होतं, ते आता हक्क मागू लागले.

आज महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कार हा गुन्हा आहे.
त्यासाठीचा कायदा विधिमंडळाने २०१६ साली मंजूर केला.
दोषी व्यक्तीला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.
पीडित व्यक्तीला पोलिसांकडे तक्रार करता येते.

पुन्हा सांगतो.
कुणी जन्मतः बहिष्कृत नसतो.
त्याला तसं केलं जातं.
आणि तसं करणं गुन्हा आहे.

तुमच्या गावात असं घडत असेल, तर त्या घराशी बोलणं सोडू नका.
तक्रार द्यायला त्यांच्यासोबत जा.