बिनतारी फोन आणि आमची आक्का

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील ज्येष्ठ सभासदांच्या सत्रात केलेले भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून काढले आहे.)



कमिटीने मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषयाची मोकळीक दिली आहे. निवृत्त बँकवाला उभा राहिला म्हणजे मुदत ठेव, नॉमिनेशन आणि लॉकर यांवरच बोलणार, अशी तुमची समजूत असेल. आज त्यातून तुमची सुटका. आज मी घरच्या फोनवर बोलणार आहे. तोही कॉर्डलेस, म्हणजे रिसीव्हरला वायर नसलेला.

तुम्ही म्हणाल, प्रत्येकाच्या खिशात मोबाईल असताना हे काय नवीन? सांगतो.

मी मूळचा तुडीलचा. आमचं जुनं घर तिथे आहे आणि त्या घरात माझी थोरली बहीण, आमची आक्का, एकटी राहते. वय ८४. तिला इथे महाडला आणायचा प्रयत्न मी तीनदा केला. "तुमच्या घरात पाय टेकायला माती नाही रे," असं म्हणून ती चौथ्या दिवशी परत जाते. घर चिऱ्याच्या जाड भिंतींचं. मोबाईलला रेंज मिळते ती ओटीवरच्या एकाच खांबाशी. त्यात मोबाईलच्या काचेवर बोट सरकवणं तिला जमत नाही. फोन वाजला की ती बोट दाबून धरते आणि तोवर तो वाजायचा थांबतो.

दोन वर्षांपूर्वी भाच्याने मुंबईहून येऊन तिथे फायबरचं इंटरनेट घेतलं. गणपतीत आठ दिवस राहायचं तर ऑफिसचं काम करता यावं म्हणून. त्याबरोबर लँडलाइन नंबरही मिळाला. आपल्याकडेही बऱ्याच घरांत इंटरनेटचा तो डबा आहे. त्याच्या मागे फोनची पिन बसेल असं एक भोक असतं. बहुतेकांनी ते कधी बघितलेलं नसतं. प्लॅनमध्ये फोन असेल तर तिथे साधा फोनही चालतो, कॉर्डलेसही चालतो. मी आक्कासाठी कॉर्डलेस घेतला. कारण घर लांबलचक, माजघरात फोन वाजला तर परसातून धावत येताना ती पडेल, ही मला भीती. ही भीती लक्षात ठेवा, पुढे तिच्याकडे परत यायचं आहे.

आमच्या पिढीला फोनचं अप्रूप जास्त. मी बँकेत लागलो तेव्हा शाखेत एकच काळा फोन, तो मॅनेजरच्या टेबलावर. मुंबईला बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करून बसायचं. घाई असेल तर अर्जंट, फारच घाई असेल तर लाइटनिंग. लाइटनिंगला साध्या कॉलच्या आठपट पैसे पडत, त्यामुळे तो लावायची वेळ आली म्हणजे काहीतरी विपरीत घडलंय, हे शिपायालासुद्धा कळायचं. मग १९८४ साली सी-डॉट ही संस्था निघाली. तिने वातानुकूलनाशिवाय चालेल असं १२८ लाइनींचं छोटं एक्सचेंज बनवलं आणि खेडोपाडी फोन जाऊ लागला. कॉर्डलेस म्हणजे परदेशी चोचला, असं मला वाटायचं. पण आजचे बहुतेक कॉर्डलेस ज्या डेक्ट पद्धतीवर चालतात, तीच पद्धत धरून आयआयटी मद्रासच्या प्राध्यापक अशोक झुनझुनवाला यांच्या गटाने १९९० च्या दशकात कॉर-डेक्ट नावाची यंत्रणा तयार केली. तांब्याची तार न ओढता गावात फोन द्यायचा, हा तिचा उद्देश. म्हणजे हा चोचला नव्हे, आपल्या कामाचीच वस्तू आहे.

आता फोन बसवायचा कसा, ते थोडक्यात सांगतो. खोक्यात चार वस्तू निघतात. बेस म्हणजे बैठक, हँडसेट म्हणजे हातात धरायचा भाग, विजेचा अडॅप्टर आणि फोनची छोटी वायर. शिवाय पेन्सिल सेलपेक्षा बारीक असे दोन सेल. हे पुन्हा चार्ज होणारे असतात. ते संपले की घड्याळाचे साधे सेल घालू नका. साधा सेल चार्जिंगला लागला तर तो गळतो, कधी फुटतोही. सेल घातल्यावर पुस्तिकेत लिहिले असतील तितके तास, बहुधा पंधरा-सोळा, हँडसेट बैठकीवर राहू द्या. मी तीन तासांतच उचलला आणि संध्याकाळपर्यंत तो मान टाकून बसला.

बैठक कुठे ठेवायची, याला महत्त्व आहे. घराच्या मध्यावर, जरा उंचावर, लोखंडी कपाटापासून आणि मायक्रोवेव्हपासून लांब. मोकळ्या जागेत हा फोन सुमारे ३०० मीटरपर्यंत आणि घरात साधारण ५० मीटरपर्यंत चालतो, असं म्हणतात. पण ते घर चिऱ्याचं नसावं! आमच्याकडे देवघराच्या भिंतीपलीकडे आवाज तुटायला लागला. मग लांब वायर घेऊन बैठक माजघराच्या दाराशी आणली, तेव्हा पार विहिरीपर्यंत नीट ऐकू येऊ लागलं. फोन कपाटावर ठेवायचा आणि कंपनीला नावं ठेवायची, असं करू नका. आधी हँडसेट हातात घेऊन घरभर फिरा.

बैठकीवर एक बटण असतं. ते दाबलं की हरवलेला हँडसेट वाजतो. आक्काचा हँडसेट तांदळाच्या डब्यात, उशीखाली आणि एकदा कोंबड्यांच्या खुराड्यावर सापडला आहे.

आता सर्वांत उपयोगाची गोष्ट. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाईलला फोन लावताना आधी शून्य लावावा लागतो. मी कौतुकाने आक्काच्या फोनमध्ये माझा, भाच्याचा आणि डॉक्टरांचा नंबर भरून दिला. दहा-दहा आकडे, शून्याशिवाय. आठवडाभर तिचा एकही फोन आला नाही. जाऊन बघतो तर ती रागावलेली. "तुझा नंबर लावला की एक बाई मलाच शिकवते," म्हणाली. ती बाई म्हणजे आधी शून्य लावा असं सांगणारी रेकॉर्ड! मग तिन्ही नंबर शून्यासकट भरले. दोनचा आकडा दाबून धरला की मी, तीनचा धरला की भाचा, चारचा धरला की डॉक्टर. आकड्यांवर लाल नेलपॉलिशचे ठिपके दिले, एकाला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन.

शेजारच्या भाभींनी हँडसेटला गळ्यात अडकवायची पिशवी शिवून दिली. आक्का गावभर मिरवली. रात्री मात्र पिशवीसकट हँडसेट बैठकीवर ठेवायची, त्यामुळे तो चार्जच होत नव्हता. तेही सुधारलं. मला वाटलं, काम फत्ते. बँकेच्या भाषेत सांगायचं तर टॅली झाली.

ती झाली नव्हती, हे गेल्या वर्षी जुलैमध्ये कळलं.

पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाते, त्यात नवल नाही. त्या रात्रीही गेली होती. मागच्या दारी कसला आवाज झाला म्हणून आक्का कंदील घेऊन उठली आणि शेवाळलेल्या पायरीवरून घसरली. हाताचं मनगट मोडलं, कमरेला मार बसला, उठता येईना. पण फोन गळ्यात होता. तिने मी शिकवल्याप्रमाणे एक ठिप्याचं बटण दाबून धरलं. काही नाही. दोन ठिप्यांचं दाबलं. काही नाही. हँडसेटचा दिवा लागलेला, आकडे दिसतात, पण आवाज नाही. आपलंच चुकतंय असं समजून ती पावसात बसून पुन्हा पुन्हा बटणं दाबत राहिली. पहाटे भाभी फजरच्या नमाजाला उठल्या, त्यांनी हाक ऐकली आणि मुलाला धाडलं.

आक्काचं काहीही चुकलं नव्हतं. चूक माझी होती. कॉर्डलेसच्या हँडसेटमध्ये सेल असतात, पण तो बोलतो बैठकीशी, आणि बैठक चालते भिंतीतल्या विजेवर. वीज गेली की हातातला हँडसेट म्हणजे नुसतं खेळणं. आपल्या जुन्या काळ्या फोनला एक्सचेंजमधून तांब्याच्या तारेतूनच ४८ व्होल्टची वीज मिळायची, म्हणून अंधारातही तो वाजायचा. आयुष्यभर मला त्याची सवय. फोनला वीज लागते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पुस्तिकेत लिहिलेलं होतं. लोकांना सही करण्यापूर्वी अटी वाचा म्हणून बजावणारा मी, ते पान न वाचता उलटलं होतं.

दवाखान्यात हाताला प्लॅस्टर घातलेल्या अवस्थेत आक्का मला म्हणाली, "मेल्या, तुझा बिनतारी फोन बिनकामाचा निघाला." सगळे हसले. मला काही हसता आलं नाही.

मग काय केलं ते सांगतो, कारण ते तुम्हालाही करता येईल. इंटरनेटच्या डब्याला राऊटरचा छोटा यूपीएस जोडला. तो घेताना डब्याच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिलेत ते बघून घ्या, बहुधा १२ असतात. त्याने वीज गेल्यावरही डबा काही तास चालू राहतो. फोनच्या भोकाला दोन वाटांचं सॉकेट लावून एका वाटेला कॉर्डलेस ठेवला, दुसऱ्या वाटेला साधा वायरचा, मोठ्या आकड्यांचा फोन. साध्या फोनला लागते तेवढी वीज डब्यातूनच मिळते. तो आक्काच्या पलंगाशी, जमिनीवर बसूनही हात पोचेल इतका खाली ठेवला. मागच्या पायऱ्या घासून घेतल्या, कठडा बसवला. खरं तर फोनच्या आधी तेच करायला हवं होतं.

आणि तरीही फायबर तुटलं तर? म्हणून एक बिनखर्चाची सोय केली. रोज सकाळी आठ आणि संध्याकाळी सात वाजता मी फोन करतो. उचलला नाही तर भाभींच्या मुलाला फोन. त्याचाही लागला नाही तर मी गाडी काढतो. आजवर दोनदा काढली. दोन्ही वेळा आक्का ओटीवर बसून भाजी निवडत होती आणि मला चहा मिळाला.

मंडळी, आपली सोसायटी २५ वर्षांची झाली. या २५ वर्षांत आपण २००५ चा जुलै बघितला, दासगाव-जुईच्या दरडी बघितल्या. २२ जुलै २०२१ ला पुन्हा पाणी शिरलं, वीज गेली, रेंज गेली. सर्वांच्या हातात फोन होते आणि बोलायला कुणाशी बोलता येत नव्हतं. तुमच्यापैकी निम्म्या लोकांचे आई-वडील, काका-काकू अजून खाडीपट्ट्यात, विन्हेऱ्याकडे, पोलादपूरच्या वर वाडी-वस्तीत आहेत. त्यांना जरूर फोन घेऊन द्या, कॉर्डलेस द्या, चांगली वस्तू आहे. पण बसवून, एकदा "हॅलो हॅलो" करून निघून येऊ नका.

एक परीक्षा घ्या. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा रात्री घराचा मेन स्विच बंद करा आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला म्हणा, "आता मला फोन लावून दाखवा." लागला, तर फोन बसला. नाही लागला, तर अजून काम बाकी आहे. आणि हो, त्यांना रागावू नका. बहुतेक वेळा चूक बसवणाऱ्याची असते.

आक्का आता बरी आहे. आज या कार्यक्रमाला येणार होती, पण मजल्यांचं कारण सांगून राहिली. सातचा फोन चुकवायचा नाही अशी तिची ताकीद आहे आणि घड्याळात पावणेसात झालेत. तेव्हा माझे दोन शब्द इथेच संपवतो.