न लागणारा मार : ‘द ग्रेट डिक्टेटर’ आणि दुभंगलेला प्रेक्षक



सोळाव्या शतकात इटलीमध्ये ‘कोमेदिआ देल आर्ते’ नावाची फिरत्या नटमंडळ्यांची नाट्यपरंपरा बहरास आली. तिच्यातील विदूषकाच्या हाती एक लाकडी दांडके असे. दोन पातळ फळ्या मुठीशी एकत्र जोडलेल्या. कोणाच्या पाठीत हाणले की फळीवर फळी आपटून मोठा फटका वाजे, मार मात्र लागत नसे. ‘स्लॅपस्टिक’ म्हणजे हेच दांडके. धडपड, झोंबाझोंबी, पाठलाग, घसरगुंडी अशा साऱ्या आंगिक विनोदाला पुढे त्याचेच नाव पडले. त्या नावात या विनोदाची अटही सामावलेली आहे : आवाज होईल, पण लागणार नाही. आपल्या तमाशातील सोंगाड्या टोले खातो आणि देतो, तेव्हा प्रेक्षक खदखदून हसतो तो याच हमीवर.

युद्धकाळात ही हमी डळमळते. नाट्यगृहाच्या बाहेर खरी माणसे खऱ्या माराने मरत असतात. अशा वेळी पडद्यावरचा फटका ऐकून एक जण हसतो आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीतला माणूस अस्वस्थ होतो. दोघांनी एकच चित्रपट पाहिलेला असतो, परंतु ऐकलेला आवाज वेगळा असतो. चार्ली चॅप्लिनच्या ‘द ग्रेट डिक्टेटर’ या चित्रपटाभोवती जे मतभेद झाले, त्यांचे मूळ येथे आहे.

चॅप्लिनने हा धोका त्यापूर्वीही एकदा पत्करला होता. पहिल्या महायुद्धातील खंदकांवरचे ‘शोल्डर आर्म्स’ हे त्याचे प्रहसन ऑक्टोबर १९१८ मध्ये, म्हणजे शस्त्रसंधीला जेमतेम तीन आठवडे उरले असताना, प्रदर्शित झाले. अशा वेळी युद्धाची थट्टा करणे धोक्याचे आहे, असे स्नेह्यांनी त्याला बजावले होते. पण पाण्याने भरलेल्या खंदकात झोपण्याची शिकस्त करणारा तो सैनिक लोकांना आवडला, आणि प्रत्यक्ष आघाडी पाहिलेल्या सैनिकांनाही तो आपलाच वाटला. आपल्या हालांवर आपल्यातलाच कोणी हसतो, तेव्हा त्या हसण्याचा राग येत नाही.

‘द ग्रेट डिक्टेटर’ची गोष्ट निराळी होती. चॅप्लिन आणि हिटलर या दोघांचा जन्म एप्रिल १८८९ मधला, अवघ्या चार दिवसांच्या अंतराने झालेला. दोघांच्या ओठांवर तशीच आखूड मिशी. या योगायोगावर चॅप्लिनने आपली कथा उभारली. तोमेनिया नावाच्या कल्पित देशाचा हुकूमशहा हिंकेल आणि ज्यू वस्तीतला एक गरीब न्हावी, अशा दोन्ही भूमिका त्याने स्वतः केल्या. चित्रीकरण सुरू झाले ते सप्टेंबर १९३९ मध्ये, युरोपात युद्धाला तोंड फुटल्यानंतर काही दिवसांतच. अमेरिका त्या वेळी तटस्थ होती. जर्मनीला न दुखवण्याचे धोरण असताना ब्रिटनमध्ये या चित्रपटाला परवानगी मिळणार नाही, असे आधी सांगितले जात होते. चित्रपट पुरा होईतो परिस्थिती पालटली. १५ ऑक्टोबर १९४० रोजी तो न्यूयॉर्कला आणि डिसेंबरमध्ये, विमानांतून बॉम्ब पडत असताना, लंडनला झळकला.

प्रेक्षकांनी गर्दी केली. चॅप्लिनच्या चित्रपटांत सर्वाधिक उत्पन्न याच चित्रपटाने मिळवले. तरीही मते दुभंगली, आणि ती एका रेषेवर दुभंगली नाहीत. एक पक्ष म्हणत होता की, ज्याच्या नावाने अर्धे युरोप थरकापते आहे त्याला हास्यास्पद करणे हेच मोठे शस्त्र होय. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, राक्षसाला विदूषक केले की त्याची भीती जाते, आणि ज्याची भीती बाळगायलाच हवी त्याची भीती जाणे इष्ट नव्हे. तटस्थतेच्या कैवाऱ्यांना तर हा चित्रपट अमेरिकेला युद्धात ओढण्याचा डाव वाटला. सप्टेंबर १९४१ मध्ये अमेरिकन सिनेटच्या एका समितीपुढे चित्रपटांतील युद्धप्रचाराची चौकशी सुरू झाली, तेव्हा आक्षेप घेतलेल्या चित्रपटांत त्याचे नाव होते.

याहून तीव्र वाद झाला तो शेवटच्या भाषणावर. हिंकेल समजून न्हाव्याला व्यासपीठावर उभे केले जाते आणि तो माणुसकीचे, बंधुत्वाचे आवाहन करतो. दोन तास हसवणारा नट अकस्मात विनोद बाजूला ठेवून, कॅमेऱ्याकडे थेट पाहत बोलू लागतो. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या बॉस्ली क्राउदर या समीक्षकाने चित्रपटाची मुक्तकंठाने स्तुती केली, पण हे भाषण त्यालाही विजोड वाटले. काहींना त्यात साम्यवादाचा वास आला. उलट असंख्य प्रेक्षकांना तेवढाच भाग अविस्मरणीय वाटला, आणि जानेवारी १९४१ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या शपथविधीनिमित्तच्या समारंभात चॅप्लिनने ते प्रत्यक्ष म्हणून दाखवले.

याच क्राउदरची दुसरी कथा उद्बोधक आहे. १९४२ मध्ये एर्न्स्ट लुबिच या दिग्दर्शकाचा ‘टु बी ऑर नॉट टु बी’ आला. लुबिच हा बर्लिनमध्ये जन्मलेला ज्यू. त्याच्या चित्रपटात वॉर्सॉची एक नाटकमंडळी नाझींना वेषांतराने चकवते. दोन वर्षांपूर्वी हिंकेलवर खूष झालेला क्राउदर आता संतापला. प्रहसनाच्या पाठोपाठ वॉर्सॉवरचा बॉम्बवर्षाव पाहताना पापणी न लवणे कोणाला कसे जमेल, असा त्याचा सवाल होता. लुबिचने त्याच वृत्तपत्रातून आपली बाजू मांडली. त्या चित्रपटाचा नायक जॅक बेनी याची एक आठवण मात्र साऱ्या समीक्षांहून बोलकी आहे. पोलंडमधून अमेरिकेत आलेले त्याचे वृद्ध वडील चित्रपट पाहायला गेले, आणि नाझी गणवेशातला आपला मुलगा दिसताच उठून बाहेर पडले. मुलाने समजूत घातल्यावर ते परत गेले, आणि नंतर तोच चित्रपट त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिला. प्रेक्षागृहातले दोन पक्ष असे एकाच माणसाच्या ठायीही नांदू शकतात.

आपल्या साहित्यशास्त्राला ही अडचण अपरिचित नाही. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त हास्यरसाचे विरोधी रस म्हणून भयानक आणि करुण यांची नावे दिली आहेत. भरताने हास्याचा उगम विकृतीत, म्हणजे विपरीत वेष, विपरीत अलंकार आणि विपरीत चेष्टा यांत सांगितला. चॅप्लिनचा हिंकेल पाहिला की भरताचे म्हणणे पटते : गणवेशाचा डौल, खोकल्यासारखी जर्मनसदृश अगम्य भाषा, पृथ्वीचा फुगा हातावर नाचवता नाचवता तो तोंडावर फुटणे. इथे हास्य निर्वेध आहे, कारण मार बसतो तो गर्वाला. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याचे पोहे’ वाचणाऱ्या मराठी वाचकाला ही जात ओळखीची वाटेल. परंतु ज्यू वस्तीत सैनिक शिरतात, हॅना खिडकीतून तवा त्यांच्या डोक्यात घालते, एक घाव चुकून न्हाव्यालाही बसतो, आणि तो झिंगल्यासारखा पदपथावर नाचत जातो. तेथे विश्वनाथाचा इशारा आठवतो. प्रसंग हसवतो, पण त्या गल्लीत भयानक आणि करुण हे दोन्ही रस दाराआड उभे आहेत.

हे पुढे स्वतः चॅप्लिनलाही जाणवले. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने कबुली दिली की, जर्मन छळछावण्यांतील खरी भीषणता त्या वेळी ठाऊक असती तर हा चित्रपट आपल्या हातून झाला नसता. चित्रपटाला सर्वांत जिव्हारी लागणारा आक्षेप असा खुद्द कर्त्यानेच नोंदवला. तरीही त्याने चित्रपट मागे घेतला नाही, आणि जगानेही तो टाकला नाही. पश्चिम जर्मनीत तो १९५८ मध्ये लागला. स्पेनमध्ये १९७५ साली फ्रँकोचा मृत्यू झाल्यानंतरच तो लोकांना पाहता आला. हुकूमशहांना फटक्याचा आवाज नेहमीच नीट ऐकू येतो.

मग कोणता पक्ष बरोबर? १९४० च्या प्रेक्षकाला छावण्यांचे पुरते ज्ञान नव्हते, म्हणून त्याचे हसणे निर्दयपणाचे ठरत नाही. ज्याला हसू आले नाही त्यालाही अरसिक म्हणता येत नाही. त्याचे कोणी आप्त कदाचित त्याच वस्तीत अडकलेले असतील. विनोदाला हसावे की नाही, हे विनोदाच्या दर्जावर जितके ठरते तितकेच ऐकणारा घावापासून किती अंतरावर उभा आहे, यावरही ठरते. म्हणूनच अशा चित्रपटाविषयी एकमत होणे हे त्याच्या यशाचे लक्षण मानता येणार नाही. सगळेच हसले, तर कोणाचे तरी दुःख कोणाच्याच ध्यानी आले नाही असे होईल; कोणीच हसले नाही, तर हिंकेलने सर्वांनाच भिववले असे होईल.

ग्रंथालयात हसवणारी पुस्तके आणि रडवणारी पुस्तके वेगवेगळ्या कपाटांत लागतात. वाचकाच्या मनात मात्र अशी कपाटे नसतात. विदूषकाच्या दांडक्याचा आवाज ऐकून मोकळेपणी हसावे, आणि हसू ओसरल्यावर तो मार खरोखर कोणाला लागला तर नाही ना, हे एकदा वळून पाहावे. चॅप्लिनने आपल्या चित्रपटाकडे चोवीस वर्षांनी असेच वळून पाहिले होते.